बीमची लांबी आपोआप येत नाही

रेवा, तन्मय,

मागच्या रविवारी फोनवर तन्मय म्हणाला, "आजी, पण बीमच्या लांब्या लिस्टमध्ये आपोआप येतात ना? मग तू दिवसभर काय करायचीस?" प्रश्न साधा होता, टोमणा नव्हता, हे मला कळतं. पण तेवढ्यात तुमची बस आली, पडद्यावर तुमच्या लोकरीच्या टोप्या हलल्या आणि फोन बंद झाला. मी समोरची विळी बाजूला सारून तशीच बसून राहिले. तुमच्या आजोबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही. तुमच्या नातवानं माझी सगळी नोकरी एका शब्दात निकालात काढली."

इथल्या एका दिवाळी अंकाचा निरोप आलेलाच होता, की बाईंनी कारखान्यातले अनुभव लिहावेत. मी टाळत होते. आता लिहिते. लिहिते तुमच्यासाठी, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. आणि आधीच सांगते, यात राग आहे. तो तुमच्यावर नाही. पण आहे, आणि इतक्या वर्षांनी तो झाकून ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

मी गोंदियाच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ड्रॉइंगचं काम करायचे. गोंदिया म्हणजे तांदळाच्या गिरण्या, आणि गिरणी म्हणजे तुम्हाला दिसतं ते धान आणि तांदूळ. पण ते सगळं उभं असतं लोखंडावर. शेड, जिने, यंत्रं ठेवायचे माळे, धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरचे मनोरे. ते लोखंड कुठे, किती आणि किती लांब, हे कागदावर मांडणं माझं काम. एका जोडणीत लागणाऱ्या प्रत्येक तुकड्याची यादी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असते. आम्ही तिला पार्ट लिस्ट म्हणायचो. त्या लिस्टवरून आरीवरचा माणूस बीम कापतो. लिस्ट चुकली की लोखंड चुकतं, आणि लोखंड खोडरबरानं पुसता येत नाही.

बीमची लांबी म्हणजे काय, हे आधी समजून घ्या, कारण मोठमोठ्या माणसांना ते समजत नाही. गिरणीमालक सांगतो, या खांबापासून त्या खांबापर्यंत वीस फूट. तो खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो. खांबाला स्वतःची जाडी असते, बीमच्या टोकाला बोल्टची पट्टी लागते, तिचीही जाडी असते. ते सगळं वजा करून जे उरतं ती कापायची लांबी. ड्रॉइंग बोर्डच्या काळात ही वजाबाकी आम्ही कागदाच्या कडेला पेन्सिलीनं करायचो. मालकानं एक खांब हातभर सरकवला, की ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडायची आणि त्या खांबाला लागणाऱ्या प्रत्येक बीमची लांबी पुन्हा काढायची. एखादी राहूनच जायची.

मग थ्री-डी सॉफ्टवेअर आलं. ते शिकवायला नागपूरहून एक तरुण आला. मी संगणकासमोर बसलेली, आणि तो शिकवत होता माझ्या मागे उभ्या असलेल्या सेठजींना. सेठजी म्हणजे कारखान्याचे मालक. माऊस कोणत्या हातात धरतात हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मध्येच तो मला म्हणाला, "मॅडम, ज़रा चाय भिजवा दीजिए." मी म्हटलं, "भिजवा दूँगी. पहले ये बताइए, लिस्ट में बीम की लंबाई क्यों नहीं आ रही?" लिस्टमध्ये तुकड्याचं नाव येत होतं, नग येत होते, लांबी नव्हती. तो म्हणाला, लांबी हाताने टाइप करायची, सगळे तसंच करतात.

सगळे तसंच करतात! हजारोंचं यंत्र टेबलावर आणायचं आणि आकडा मात्र बोटानं दाबायचा!

तन्मय, तुझं 'आपोआप' इथून सुरू होतं. तो तरुण गेल्यावर मी सॉफ्टवेअरचं मदतीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी गोंदियात भाजी घ्यायला कधी उपयोगी पडलं नाही, ते तिथे पडलं. पडद्यावरच्या प्रत्येक बीमला स्वतःची लांबी ठाऊक असते. फक्त ती लिस्टपर्यंत पोचवायची वाट आपल्याला करून द्यावी लागते. ती केली, तर पहिल्यांदा यंत्रानं एकाच जाडीचे सगळे बीम एका ओळीत टाकले आणि लांब्यांची बेरीज करून दिली. जणू आम्ही लोखंड नाही, साडीचं कापड विकत होतो. प्रत्येक वेगळ्या लांबीची वेगळी ओळ व्हायला पाहिजे, हे त्याला शिकवलं. मग कळलं, ती लांबी टोकं छाटण्याआधीची आहे. खांबाशी बीम छाटला तरी लिस्टमध्ये जुनाच आकडा. तेही बदललं. शेवटी एक कोरी फाइल तयार झाली. तिच्यातून कोणतीही जोडणी काढली, की लिस्टमध्ये प्रत्येक बीमची कापायची लांबी येणार आणि खांब सरकला की स्वतःच बदलणार.

त्या फाइलचा पहिला फायदा झाला सालेकशाकडच्या एका व्यापाऱ्याला, तेंदूपानाचं गोदाम बांधणाऱ्या. ट्रक आत वळत नाही म्हणून तो सारखा खांब सरकवायचा. सकाळी एक, दुपारी दुसरा. मी खांब सरकवायचे, लिस्ट बदलायची, कागद काढून द्यायचे. त्याचा संशय वाढत गेला.

"मॅडम, सुबह का काग़ज़ अलग, शाम का अलग. आप लोग क्या खेल कर रहे हो?"

"खंभा आपने सरकाया, भाईसाब."

"मैंने तो एक खंभा सरकाया. आपने तो सब गाटर बदल दिए!"

मी त्याला समजावलं, की एका खांबाला चार बाजूंनी बीम लागतात. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तरी मला सकाळचाच कागद द्या, तो साफ दिसतो. ऑफिसात आम्ही कितीतरी दिवस त्यावर हसलो. हसायला तेवढंच मिळालं.

आता हिवराजबद्दल. आरीवर, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रावर, हिवराज होता. दवनीवाड्याकडचा, घरी धानाची शेती, भाऊ शेती बघायचे आणि हा सायकलनं कारखान्यात यायचा. कमी बोलणारा आणि बोलला की तोडून टाकणारा. नव्या लिस्टवरून कापलेल्या पहिल्याच कामात सगळे बीम लांब निघाले. दोन्ही टोकांना बोटभर जास्त. मी संगणकातलं थ्री-डी मॉडेल तपासलं, बरोबर होतं. आरीवर गेले.

"हिवराज, कागदावर आहे त्यापेक्षा जास्त का कापलं?"

"मी तं नेहमीच जास्त कापतो बाई."

"कशासाठी?"

"लांब झालं तं कापता येते. तोकडं झालं तं कायले जोडाचं?"

हळूहळू उलगडलं. गॅसनं कापायच्या दिवसांपासून आरीवरचा प्रत्येक माणूस टोकाला बोटभर जास्त सोडायचा. घासण्यात जाईल, ड्रॉइंगवाल्यानं चूक केली असेल तर त्यात भरून निघेल. आणि आमचे जुने हेड ड्राफ्ट्समन, आता नाहीत ते, लिस्ट लिहिताना टोकाला बोटभर कमी लिहायचे, कारण त्यांना ठाऊक होतं की खाली जास्त कापतात. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. एक वजा करायचा, दुसरा मिळवायचा, आणि बीम बरोबर यायचा. वर्षानुवर्षं आमच्या कारखान्याची प्रतिष्ठा या दोन अविश्वासांवर उभी होती! माझी लिस्ट खरी लांबी सांगत होती आणि म्हणूनच काम चुकलं.

मी हिवराजला म्हटलं, "यापुढे कागदावर जेवढं आहे तेवढंच काप. सूतभरही जास्त नाही."

"आन तोकडं झालं तं?"

"तर तू माझ्याकडे बोट दाखव. जबाबदारी माझी."

"बाई, पक्कं सांगून राहिले ना? मागून पलटसान नाही ना?"

"पलटणार नाही."

एवढं बोलूनही त्याचा हात लगेच वळला नाही. काही आठवडे मी रोज जेवणाच्या सुट्टीनंतर आरीवर जायचे आणि टेप लावायचे. तो चिडायचा. "बाई, तुमी माह्या सासूसारक्या मागं लागल्या." पण हळूहळू तो तंतोतंत कापायला लागला. बीम साइटवर जायचे, खांबांच्या मध्ये सरकायचे आणि बोल्ट हातानं बसायचे. घासणं नाही, साइटवर कापणं नाही. एकदा मी गेले तर तो नव्या वेल्डरला दटावत होता, "कागदावर भरोसा ठेव बे. बाईचा कागद हाये तो." त्या दिवशी मी घरी येऊन तुमच्या आजोबांना दोनदा ते वाक्य ऐकवलं.

मग निशांत आला. सेठजींचा भाचा, इंजिनिअर झालेला. मला 'आंटी' म्हणायचा. मुलगा वाईट नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. पण त्याला कारखाना मामांनी समजावला होता, आणि मामांच्या डोक्यात कारखाना अजून गॅस कटिंगच्या काळातला होता.

एका गिरणीचा माळा करायचा होता. धान साफ करायचं अवजड यंत्र वर बसणार, दिवसभर थरथरणार, आणि खाली बाया पडलेलं धान झाडणार. मी ड्रॉइंग केलं, लिस्ट काढली, आणि माझ्या भाचीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेले. परत आले तर बीम कापून, पट्ट्या जोडून, रंग देऊन साइटवर पोचले होते. दुपारी साइटवरून फोन आला. बीम साखळीनं वर उचलला आणि दोन खांबांच्या मध्ये लोंबकळत राहिला. दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट. एक नाही, सगळे बीम.

मी ऑफिसातून खाली आले तोवर सेठजींनी हिवराजला उभं केलं होतं. आरी बंद, सगळे कामगार बघत होते.

"सालों से तू बढ़ा के काटता आया. इस बार क्यों नहीं बढ़ाया?"

"कागदावर जेवढं होतं तेवढंच कापलं सेठजी."

"और पहले?"

"बाईनं सांगतलं, जास्त कापाचं नाही म्हणून."

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "हो, मी सांगितलं. चला वर."

वर येऊन मी लिस्ट उघडली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलमधून आलेला आकडा काळा दिसतो आणि कोणी हाताने वरून टाइप केला तर निळा होतो. एकदा निळा झाला की तो मॉडेलचं ऐकत नाही. लांबीची पूर्ण रांग निळी होती. आमचा प्रिंटर काळ्याच शाईचा, त्यामुळे आरीवर गेलेल्या कागदावर सगळे आकडे सारखेच दिसत होते.

"हे कोणी केलं?"

निशांत बिचकला नाही. त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "आंटी, मैंने ठीक किया था. मामाजी ने बताया था, कटर दोनों तरफ़ बढ़ा के काटता है. तो मैंने घटा दिया."

त्याला वाटलं होतं, तो जुनी रीत पाळतोय. हिवराज नवी पाळत होता. आणि दोघांच्या मध्ये माझी लिस्ट होती, जिनं बरोबर आकडा दिला होता आणि जिच्यावर कोणाला तरी टाइप करावंसं वाटलं.

इथपर्यंत मी रागावले नव्हते. चूक कोणाच्याही हातून होते. राग आला तो पुढच्या वाक्यानं. सेठजींनी निळ्या आकड्यांकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चलो, जो हुआ सो हुआ. लेकिन मॅडम, काटनेवाले को भी तो अकल लगानी चाहिए थी. उसको कल से लोडिंग में डालो."

म्हणजे ज्यानं आकडा बदलला त्याची चूक नाही. ज्यानं न विचारता बदलायला शिकवलं त्याची नाही. ज्यानं कागद पाळला त्याची चूक, कारण त्यानं कागद मोडला नाही! मी इतकी वर्षं मोठ्यांसमोर हळू बोलत आले. त्या दिवशी हळू नाही बोलले.

"सेठजी, तो उद्या आरीवर नसेल तर मीही ड्रॉइंगवर नसेन. आणि त्या फटीत सळ्या कोंबून वेल्डिंग मारायचा विचार असेल तर त्या ड्रॉइंगवरची माझी सही आत्ता काढते."

कारण निशांतचं तेच चाललं होतं. साइटवरच्या फिटरशी तो फोनवर बोलत होता: रॉड टाकून भर, ग्राइंड कर, रंग मार. दोन पट्ट्यांमध्ये जराशी फट असेल तर मापाचा पत्रा ठेवायची रीत आहे, तिला मी कधी नाही म्हटलं नाही. पण बोटभर फट सळ्यांनी भरायची, वर थरथरणारं यंत्र ठेवायचं आणि खाली बायांना झाडायला सोडायचं? रंगाखाली काय आहे ते त्या बायांना कोण सांगणार होतं?

"मॅडम, आप तो नाराज़ हो गईं," सेठजी म्हणाले. चहा मागवला. चहा आला आणि गार झाला. मी उठले नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक है. नए काटो. पुराने कहीं छोटे काम में लगा देंगे. और वो रहेगा मशीन पे. अब तो पी लीजिए."

मला वाटलं, जिंकले. खाली जाऊन हिवराजला सांगितलं. त्यानं मान हलवली, आरी सुरू केली.

दोन दिवसांनी नवे बीम कापून झाले. सवयीनं टेप घेऊन गेले. प्रत्येक बीम दोन्ही टोकांना बोटभर लांब.

"हिवराज, काऊन?" रागात माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

त्यानं आरी बंद केली. हात पुसले. "बाई, तुमच्यावर राग नाही माहा. तुमी पलटल्या नाही, मी पाहालं. पन जास्त कापलं तं फकत घासा लागते. तोकडं झालं तं मानसाले आरीवरून हाकलून राहिले."

"मी आहे ना."

"तुमी लग्नाले गेल्या होत्या."

ते बीम घासून घेतले. बसले, नीट बसले. मी लिस्टमध्ये लांबीची दुसरी रांग केली, जिच्यात टाइप करताच येत नाही. मॉडेलमधली लांबी तिथे तशीच छापून येते, आणि दोन रांगा जुळल्या नाहीत तर कापायचं नाही असं मोठ्या अक्षरात लिहिलं. निशांतला तासभर बसवून समजावलं. त्याला समजलं, त्यानं मान्यही केलं, आणि पुन्हा कधी टाइप केलं नाही. हिवराजलाही दाखवलं. तो म्हणाला, "चांगलं हाये बाई." आणि बोटभर जास्त कापत राहिला.

माझ्या रागाचं कारण हेच आहे, मुलांनो. आकडा बरोबर यावा म्हणून मी एक पुस्तक वाचलं. तो आकडा एका माणसानं खरा मानावा म्हणून मला कितीतरी आठवडे रोज आरीवर जावं लागलं. आणि खरं मानलं म्हणून त्या माणसाला सगळ्यांसमोर उभं केलं, तेव्हा त्याला परत विश्वास ठेव असं मी कोणत्या तोंडानं सांगायचं होतं? सेठजींनी त्याची माफी मागितली नाही. कधीच नाही. मी दोनदा आठवण करून दिली. ते म्हणाले, "अरे मॅडम, उसको तो रख लिया ना!" जणू काही आरीवर ठेवणं ही भेट होती.

काही वर्षांनी हिवराज सोडून गेला. कोहमाऱ्याला हायवेवर, ढाब्यांच्या रांगेच्या पुढे, ट्रकच्या बॉडीची दुरुस्ती करतो. मागच्या हिवाळ्यात नवेगावहून येताना आम्ही थांबलो होतो. त्यानं आजोबांना खुर्ची दिली, मला चहा. म्हणाला, "बाई, आता माहं माप मीच काढतो, कापतोही मीच." मी त्याला लिस्टबद्दल काही विचारलं नाही.

तर तन्मय, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लांबी यंत्र लिहितं, हे खरं आहे. दिवसभर मी काय करायचे, तर ती लांबी लिहिल्यानंतर माणसं तिच्याशी काय करतात, ते बघायचे. सगळं मला थांबवता आलं नाही.

तो माळा उभा आहे. यंत्र वर चालतं, खाली बाया झाडतात. कारखान्यात लिस्ट अजून माझ्याच फाइलमधून निघते, दोन रांगांची, आणि लांबी बरोबर येते. आरीवर आता दुसरा माणूस आहे, हिवराजनंच शिकवलेला. तो दोन्ही टोकांना बोटभर जास्त कापतो.